कॅसेट एकदाच चालवायची

लग्नाची तीन तासांची व्हीएचएस कॅसेट संगणकात घ्यायला तीन तास लागतात. संगणक कितीही महागाचा असला तरी तीन तासच. घरातले व्हिडिओ डीव्हीडीवर लवकर कसे घ्यावेत, असं विचारणाऱ्याला हे आधीच सांगावं लागतं, कारण बहुतेक जण भलत्या जागी पैसे घालतात. नवा प्रोसेसर येतो, रॅम वाढते, सोळा पट वेगाचा रायटर येतो आणि काम तरीही आठवडाभर रेंगाळतं. वेळ वाचतो तो एकच काम दोनदा न करण्यात. ते पटायला मात्र व्हीसीआरच्या आत काय घडतं हे थोडं समजून घ्यायला हवं.

आवाजाच्या मानाने चित्राची माहिती प्रचंड असते. ऑडिओ कॅसेटसारखी टेप स्थिर हेडसमोरून ओढून चित्र उमटवायचं ठरवलं, तर ती इतकी वेगाने पळवावी लागेल की घरात मावणारी रिळं काही मिनिटांत संपतील. अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीत चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या चमूने १९५६ मध्ये यावर तोड दाखवली. टेप सावकाश जाऊ द्यायची आणि हेडच गरागरा फिरवायचं. वीस वर्षांनी, १९७६ मध्ये, जपानच्या जेव्हीसीने व्हीएचएस आणलं त्यातही मूळ कल्पना हीच होती, फक्त घरात परवडेल अशा आकारात. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या व्हीसीआरमध्ये टेप सेकंदाला अडीच सेंटिमीटरही सरकत नाही. नेमका आकडा २३.३९ मिलिमीटर. ती ज्या तिरप्या ड्रमला वळसा घालून जाते तो ड्रम मात्र मिनिटाला १,५०० फेऱ्या मारत असतो, म्हणजे सेकंदाला २५. ड्रमवरची हेडं टेपवर तिरक्या रेघा ओढत जातात. एका रेघेत अर्धी फ्रेम, दोन रेघांत पूर्ण. ड्रमची एक फेरी म्हणजे पडद्यावरचं एक चित्र.

आता टेप दुप्पट वेगाने पळवली तर काय होईल? हेडची वाट आणि रेघेचा तिरपेपणा जुळणार नाही. हेड अर्ध्या वाटेत एक रेघ सोडून शेजारच्या रेघेवर चढेल. फास्ट फॉरवर्ड करून पाहताना पडद्यावर जे आडवे खरखरीत पट्टे दिसायचे ते याचेच. सिनेमाच्या कॅसेटी हजारोंनी काढणाऱ्या काही कारखान्यांनी वेळ वाचवला होता, पण तो टेपला टेप भिडवून, एकीचा चुंबकीय ठसा थेट दुसरीवर उतरवून. त्यात चित्र वाचलंच जात नसे. संगणकात आणायचं तर चित्र वाचावं लागतं, आणि वाचायचा वेग ड्रमने ठरवून ठेवलेला आहे. मिनी-डीव्हीच्या छोट्या कॅसेटीचंही तेच. तिच्यावर माहिती डिजिटल असते, म्हणून ती पेन ड्राइव्हसारखी झरझर कॉपी होईल असं वाटतं. पण तीही तिरक्या रेघांचीच टेप. फायरवायरच्या केबलने तासाभराची कॅसेट तासाभरातच उतरते आणि सुमारे १३ जीबी जागा घेते.

म्हणून कॅसेटला हात लावण्याआधी घरातला सगळा ऐवज बाहेर काढून नीट पाहावा. त्यातला सगळाच कॅसेटीवर नसतो, आणि जो नसतो त्यावर पुष्कळ वेळ वाचतो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून लग्नं, मुंजी, बारशी व्हीसीडीवर मिळू लागली. एका लग्नाच्या दोन-तीन व्हीसीडी, वर वधूवरांचा फोटो छापलेला. या व्हीसीडी डीव्हीडीवर घ्यायच्या म्हणून लोक प्लेअरमध्ये लावून टेपसारख्या कॅप्चर करतात, किंवा एखाद्या सॉफ्टवेअरला देऊन रात्रभर कन्व्हर्ट करत बसतात. दोन्हींची गरज नाही. व्हीसीडीवरचं चित्र एमपेग-१ पद्धतीचं, ३५२ बाय २८८ आकाराचं असतं, आणि डीव्हीडीच्या नियमांत नेमक्या याच आकाराच्या एमपेग-१ चित्राला मुभा आहे. डिस्क संगणकात घातली की एमपेगएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट प्रकारची मोठी फाइल दिसते, ती आपला व्हिडिओ. चित्राला धक्काही न लावता ते बहुतेक वेळा जसंच्या तसं डीव्हीडीत बसतं. बदलावा लागतो तो फक्त आवाज, कारण व्हीसीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा असतो आणि डीव्हीडीला ४८,००० लागतात. आवाज बदलायला काही मिनिटं पुरतात. पुन्हा, व्हीसीडीवर सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिट खर्च होत असल्यामुळे एका साध्या डीव्हीडीवर सहा-सात तास मावतात. ताईचं लग्न, दादाची मुंज आणि भाचीचं बारसं एकाच डिस्कवर येऊ शकतं, आणि चित्राची प्रत रतीभरही उतरत नाही. एन्कोड न केलेलं चित्र हे सर्वांत लवकर तयार होणारं आणि सर्वांत चांगलं चित्र असतं. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी हे प्रकरण वाचल्याचं सार्थक झालं असं मी समजेन.

आठ सेंटिमीटरच्या लहान डिस्कवर चित्रण करणारे कॅमेरे काही वर्षं चालले. त्या डिस्कवर आधीपासूनच डीव्हीडीच्या जातीचं एमपेग-२ असतं. फाइली कॉपी करा, एकत्र जोडा, संपलं. मात्र कॅमेऱ्यात फायनलाइज न केलेली डिस्क संगणकाला रिकामी दिसू शकते, म्हणून तो कॅमेरा अजून चालत असेल तोवर एवढं काम उरकून घ्यावं.

आता कॅसेटीकडे वळू. इथे तीन तास द्यायचेच आहेत, तर ते एकदाच द्यावेत. नेहमीची चाल अशी असते: कॅसेट आधी मोठ्या, जवळजवळ न आवळलेल्या फाइलमध्ये घ्यायची. पूर्ण न आवळलेलं पाल चित्र तासाला सुमारे ७५ जीबी खातं. मग ती फाइल एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, तिथून नवी फाइल काढायची, ती डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरला द्यायची आणि ते पुन्हा सगळं आवळणार. प्रत्येक टप्प्यावर तेच तीन तास संगणक नव्याने चावतो. याऐवजी कॅसेट चालू असतानाच चित्र थेट डीव्हीडीला चालणाऱ्या एमपेग-२ मध्ये घ्यावं. त्यासाठी स्वतःची एमपेग-२ चिप असलेली कॅप्चर कार्डं मिळत असत. टीव्हीखाली ठेवायचे डीव्हीडी रेकॉर्डरही हेच करत. आजचा साधा संगणकही एवढ्या आकाराचं चित्र चालत्या टेपबरोबर सहज आवळतो. कॅसेट संपते तेव्हा डीव्हीडीची फाइल तयार असते. रात्रभर चालणारं कन्व्हर्शन उरतच नाही.

पण थेट घ्यायचं तर सगळे निर्णय प्ले दाबण्याआधी घ्यावे लागतात, आणि त्यातला पहिला निर्णय भागाकाराचा आहे. साध्या डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात, म्हणजे ३७.६ अब्ज बिट. दोन तासांचे सेकंद ७,२००. भाग दिला की सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट येतात. तीन तासांचे सेकंद १०,८००, तेव्हा साधारण ३.५. तासाभराच्या व्हिडिओला याच हिशेबाने दहाच्या वर येतात, पण डीव्हीडी चित्राला ९.८ च्या पुढे जाऊ देत नाही आणि घरगुती चित्रणाला ८ भरपूर होतात. यातूनच आवाज वजा करायचा. न आवळलेला आवाज एकटाच दीड मेगाबिट घेतो, तीन तासांच्या डिस्कवर तो जवळजवळ अर्धी जागा गिळेल. डॉल्बी पद्धतीने आवळलेला आवाज ०.२ मध्ये भागतो, आणि मंगलाष्टकांना नि सनईला तेवढा खुशाल पुरतो.

दुसरा निर्णय आकाराचा. डीव्हीडीचा पूर्ण आकार ७२० बाय ५७६, म्हणून सगळे तोच निवडतात. व्हीएचएसच्या टेपवर मात्र आडवा तपशील जेमतेम २४० रेघांचा असतो. उरलेले ठिपके संगणक निव्वळ कल्पनेने भरतो आणि मग तेच आवळायला वेळ नि जागा खर्च करतो. डीव्हीडीच्या नियमांत ३५२ बाय ५७६ असा एक निम्म्या रुंदीचा आकार बसतो. व्हीएचएससाठी तो जणू मापानेच शिवला आहे. ठिपके निम्मे, म्हणून आवळायचं काम निम्मं, आणि तीन मेगाबिटमध्येही चित्र स्वच्छ राहतं. तीन तासांची कॅसेट दोन डिस्कवर फोडण्यापेक्षा या आकारात एका डिस्कवर घेणं मला केव्हाही पटतं.

आवळण्याचं काम एवढं जड का, हे लग्नाच्याच चित्रात छान दिसतं. एमपेग-२ प्रत्येक फ्रेमचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. पूर्ण आकारात ते १,६२० होतात, म्हणजे सेकंदाला ४०,५०० चौकोन. यातला प्रत्येक चौकोन आधीच्या किंवा पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकला आहे, याचा शोध घेतला जातो. सापडला की पूर्ण चौकोन न लिहिता ‘तोच, जरा डावीकडे’ एवढीच नोंद होते. अंतरपाट धरला आहे, भटजी उभे आहेत, मागचा मांडव स्थिर आहे: असं दृश्य आवळणं सोपं, कारण जवळजवळ काहीच हलत नाही. मग ‘सावधान’ होतं आणि शेकडो अक्षता हवेत उडतात. प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने जातो, शोध फसतो, आणि बिट कमी पडले की चित्राचे ठोकळे होतात. सगळ्या लग्नातला जो क्षण पाहायचा तोच नेमका बिघडतो. जुन्या टेपवरची मुंग्यांसारखी खरखरही असाच त्रास देते, कारण ती प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असते.

म्हणून सेटिंग ठरवताना कॅसेटच्या सुरुवातीची पाटी किंवा गणपतीचा फोटो घेऊन पाहू नये. टेप थेट अक्षतांपर्यंत न्यावी, तिथली दोन मिनिटं घ्यावीत, टीव्हीवर पाहावीत. ठोकळे दिसले तर बिट वाढवावेत आणि पुन्हा दोन मिनिटं घ्यावीत. अक्षता नीट दिसल्या की बाकी सगळं नीट दिसणारच. ही दहा-पंधरा मिनिटांची चाचणी न केल्यामुळे तीन-तीन तास पुन्हा बसावं लागतं.

दोनदा चाळून आवळण्याची, टू-पास म्हणतात ती, पद्धत वेळ जवळजवळ दुप्पट करते. तिचा फायदा बिट टंचाईचे असतील तेव्हाच. दीड तासाच्या आतल्या व्हिडिओला सरळ एकाच वेगाने बिट द्यावेत आणि मोकळं व्हावं. खरखर काढणाऱ्या, रंग खुलवणाऱ्या फिल्टरांच्या नादी लागू नये, असं माझं मत आहे. ते सगळ्यात जास्त वेळ खातात, आणि मावशीच्या चेहऱ्यावरचा तपशीलही खरखर समजून पुसून टाकतात.

कापाकापी करायची तर ती एमपेगच्या स्वभावाने करावी. एमपेग-२ मध्ये दर बारा-पंधरा फ्रेममागे एकच फ्रेम पूर्ण लिहिलेली असते, बाकीच्या तिच्या आधाराने उभ्या असतात. काप या पूर्ण फ्रेमवर घेतला तर काहीही नव्याने आवळावं लागत नाही. अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो, तो घरगुती व्हिडिओत चालतो. काही सॉफ्टवेअर फक्त कापाभोवतीच्या मोजक्या फ्रेम नव्याने बनवतात आणि बाकीचं जसंच्या तसं उचलतात. स्मार्ट रेंडरिंग नावाची ती खूण सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शोधून चालू करावी. दृश्याखाली नाव टाकलं, नवं गाणं घातलं, एकातून दुसऱ्यात विरघळणारं दृश्य केलं, की तेवढा भाग पुन्हा आवळावा लागणार हे धरून चालावं. मेनूही साधा ठेवावा. हलत्या चित्रांचा मेनू बनवायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात दुसरी कॅसेट अर्धी उतरते.

डिस्क लिहिण्याच्या वेगाबद्दल उगाच फार चर्चा होते. एक पट वेगाने भरलेली डीव्हीडी लिहायला तासाभराच्या आसपास लागतो, आठ पटीने आठ-दहा मिनिटं, सोळा पटीने पाच-सहा. सोळा पट म्हणजे निम्मा वेळ का नाही? कारण डिस्क ठरावीक फेऱ्यांनी फिरते आणि सोळा पट वेग फक्त बाहेरच्या कडेला गाठला जातो. आतल्या बाजूला तो निम्म्याहून कमी असतो. म्हणजे वाचतात दोन-तीन मिनिटं, आणि चुका वाढण्याचा धोका मात्र सगळ्या डिस्कवर. आठ पटीने लिहावी आणि लिहून झाल्यावर तपासणीची खूण ठेवावी. एकाहून अधिक प्रती हव्या असतील तर आधी डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, हार्ड डिस्कवर बनवावी आणि तिच्यावरून हव्या तेवढ्या प्रती काढाव्यात. प्रत्येक प्रतीसाठी सॉफ्टवेअरला सगळं पहिल्यापासून करायला लावणारे लोक मी पाहिले आहेत.

एक जागा अशी आहे जिथे घाई अजिबात करू नये. कोकणात, मुंबईत आणि जिथे पावसाळा भिंतींत उतरतो तिथे, कॅसेटींना बुरशी लागते. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी किंवा धागे दिसतात का ते उजेडात धरून पाहावं. दिसले तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. हेडला बुरशी लागते, चित्र जातं, आणि तेच यंत्र पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही तीच बुरशी लावतं. अशी टेप आधी साफ करून घ्यावी. हे काम करणारे लोक आजही आहेत. चांगल्या कॅसेटीसुद्धा आधी शेवटापर्यंत आणि परत सुरुवातीपर्यंत एकदा गुंडाळून घ्याव्यात. वर्षानुवर्षं पडून सैल-घट्ट झालेली टेप त्याने सारखी बसते आणि मधेच अडकत नाही. हेड पुसायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामड्याचा तुकडा घ्यावा, तो स्थिर धरून ड्रम हाताने फिरवावा. कापसाचे धागे हेडमध्ये अडकतात, आणि वरखाली घासलं तर हेड तुटतं. कॅप्चर चालू असताना संगणकावर दुसरं काही करू नये, अँटिव्हायरसची तपासणी आणि अपडेट थांबवावेत. मधल्या काही फ्रेम गळल्या की आवाज आणि ओठ यांची फारकत होते, ती पुढे वाढत जाते, आणि तीन तास परत बसण्याखेरीज सोपा उपाय उरत नाही.

परदेशातल्या मराठी घरांतून एक अडचण हमखास येते. इथल्या लग्नाची पाल कॅसेट अमेरिकेतल्या व्हीसीआरमध्ये चालत नाही, कारण तिथली पद्धत एनटीएससी, सेकंदाला जवळजवळ ३० फ्रेमची. तिकडचे पुष्कळ डीव्हीडी प्लेअर पाल डिस्कही नाकारतात. म्हणून लोक २५ चे ३० करून घेतात. त्यात पूर्ण व्हिडिओ नव्याने आवळावा लागतो आणि हालचाल अडखळते. कॅसेट भारतात पालमध्येच उतरवावी आणि तिकडे फाइल पाठवावी. संगणक दोन्ही पद्धती सहज दाखवतो.

फोनवरच्या व्हिडिओंना हाच नियम उलट बाजूने लावता येतो. फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेम घेतो, आणि आपण सवयीने त्याची पाल डीव्हीडी करतो, म्हणजे दर सेकंदाला पाच फ्रेम फेकतो. भारतात विकले गेलेले बहुतेक प्लेअर एनटीएससीही चालवतात; तेव्हा आजी-आजोबांसाठी नातवंडांची डिस्क करायची तर ती ७२० बाय ४८० आकाराची एनटीएससी करावी. इथे एन्कोडिंग टळत नाही, कारण फोनचं चित्र वेगळ्या पद्धतीने आवळलेलं असतं. वेगवान प्रोसेसर कामाला येतो तो इथे. आकार लहान करणं, उभं चित्र बसवणं, क्लिप जोडणं हे सगळं एकाच फेरीत करून घ्यावं आणि मूळ फाइली एका डिस्कवर, तयार होणारी दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, म्हणजे वाचणं आणि लिहिणं एकमेकांना अडवत नाही.

डीव्हीडी तयार झाली की काम संपलं असं धरू नये. घरी लिहिलेल्या डिस्कवरची माहिती रंगाच्या सेंद्रिय थरात असते, आणि ऊन नि उष्णता तो थर बिघडवतात. डिस्क पाहण्यासाठी, जपायची ती एमपेग-२ ची फाइल, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत. आणि सगळा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहून झाल्याशिवाय मूळ कॅसेट टाकून देऊ नये.

व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, जुलै २०१६ मध्ये थांबली. आता जी यंत्रं चालू आहेत ती जुनीच, आणि त्यांची हेडं रोज थोडी थोडी झिजत आहेत. म्हणून कपाटातल्या सगळ्या कॅसेटी एका ओळीत लावा, आणि जिच्यातली माणसं ओळखणारं घरात एकच जण उरलं आहे ती पहिल्यांदा घ्या. ती तीन तास चालू असताना त्यांना शेजारी बसवा आणि कोण कोण आहे ते वहीत लिहून घ्या.